डोकं तुझं, डबा माझा

आलापल्ली
१२ ऑगस्ट २०२४

मंगली, जोहार.

पत्र पाहून तू म्हणशीन, या लटारूले फोन करता येत नाई का? येते ना बाई. पण माझा नंबर तू अडवून ठेवला. कमळाच्या फोनवरून लावला, तं तिचाबी अडवला. माझ्यावर राग आहे तं ठेव, माझ्या बायकोनं तुझं काय बिघडवलं? वर्षभर तिच्या हातचं जेवली तू. शेवटी तुमच्या गावच्या आश्रमशाळेच्या माधवीबाईच्या मागं लागलो. मुख्याध्यापिका बाई म्हणजे पत्ता काय सहजासहजी देते! तीन डाव फोन केला, तेव्हा तुझा हैदराबादचा पत्ता दिला.

आता कामाचं लिहितो. संस्था आपल्या पाचही आश्रमशाळांत नवे कॉम्प्युटर घेऊन राह्यली. साठ नग, अन् सगळे सोलरवर चालणारे पाहिजे. नागपूरचा एक दुकानदार जूनमध्ये नमुना घेऊन आला होता. काचेचा डबा, आत लाल-निळे दिवे, पंखेच तीन. तुमच्या गावच्या शाळेत लावला, अन् घंटाभरात बॅटरी बसली. संस्थेच्या सचिवसाहेबाचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. मी मागं उभा राहून खूब हासलो.

पण खोटं काऊन बोलू, तीन वर्षांपूर्वी माझ्या "सागवान" कॉम्प्युटरचंबी असंच झालं होतं. मी मूळचा रेडिओ मेकॅनिक, रेडिओ गेले तसा कॉम्प्युटर जोडाले लागलो. डबा माझा एक नंबर. पत्रा जाड, उंदीर घुसत नाई, जीपमधून पडला तरी वाकत नाई. पण आतलं प्रोसेसर असं वीज पिणारं, का सोलरचा जीव जाय. अन् तू माझ्याच समोर दुकान टाकून बसली. पॉलिटेक्निक करून आलेली माडिया पोट्टी, तळहाताएवढा बोर्ड, त्यावर मोबाईलसारखं लहानसं प्रोसेसर, पंखा नाई, आवाज नाई, एका बल्बाच्या विजेत दिवसभर चाले. पण संस्थेले पाहिजे तीन वर्षं जुनं दुकान. ते तुझ्याकडं नव्हतं. जुनं दुकान माझ्याकडं होतं, पण तुझ्यासारखं डोकं नव्हतं. एकमेकाचे गिऱ्हाईक पळवता पळवता एका टेबलावर बसावं लागलं आपल्याले.

परवा पेपरात आलं होतं, का दोन मोठ्या परदेशी कंपन्या कोर्टात भांडून राह्यल्या होत्या, अन् आता एकीच्या लॅपटॉपात दुसरीचं प्रोसेसर बसणार आहे. कमळा म्हणे, हे काय बापा, भांडण खोटं होतं का? मी तिले तुझंच बोलणं सांगितलं. "भाऊ, एक प्रोसेसर बनवाले हजारो माणसं न कित्येक वर्षं लागते. तेवढे दिवस गिऱ्हाईक थांबत नाई. अन् प्रोसेसर बनवणाऱ्यालेबी कारखाना चालू ठेवाचा असते, त्याले दुश्मनाचे डबेबी चालते." कमळाले नाई समजलं. मग म्हटलं, वडशाच्या नाटक कंपन्या पाह्य. एकमेकीची पोस्टरं फाडते, अन् ऐन हंगामात विनोदी नट आजारी पडला, का दुसऱ्या कंपनीचा नट मागून आणते. दिवाळीनंतर गावोगाव नाटक लागलं, का नवीन नट तयार कराले वेळ कोणाले आहे? तेव्हा तिच्या डोकशात शिरलं.

तं माझं म्हणणं एवढंच, का आपणबी पुन्हा तसं करू. तुले इकडं याची गरज नाई. तुझ्या बोर्डात जे सेटिंग तू टाकत होती, ते तेवढं पाठव. मी तुझा एक बोर्ड उघडून पाहिला, महिनाभर डोकं फोडलं, मले काही जमलं नाई. मागच्या वर्षी उन्हाळ्यात जे झालं ते झालं. ऊन होतं, त्याले कोण काय करणार?

इथी धानाचे रोवणे सुरू आहेत. पर्लकोटेच्या पुरानं भामरागडचा रस्ता दोन डाव बंद झाला. संस्थेची खरेदी समिती पंधरा ऑक्टोबरले बसणार आहे, तं उत्तर लवकर टाक.

लटारूभाऊ


आलापल्ली
२ सप्टेंबर २०२४

मंगली,

पत्र परत आलं नाई, म्हणजे पोचलं. उत्तर आलं नाई, म्हणजे वाचलं. तुझा स्वभाव मले माहीत आहे. रागावली का तू बोलत नव्हती, फक्त स्क्रू एवढा कसून बसवत होती, का पुढच्या डाव मले तो उघडता येऊ नये.

मी लिहिलं होतं, ऊन होतं, त्याले कोण काय करणार. कमळानं विचारलं, काय लिहिलं? मी वाचून दाखवलं. ती सूप बाजूले ठेवून म्हणे, "तुमाले लाज नाई वाटत?" एवढंच बोलली अन् तांदूळ निवडाले लागली. तेव्हापासून पंधरा दिवस मी हे पत्र लिहू लिहू करून राह्यलो.

लिहितो. ऊन होतं हे खरं आहे. पण उन्हाचं तू आधीच पाहून ठेवलं होतं. तू म्हणाली होती, "भाऊ, या प्रोसेसरच्या कंपनीनं चंद्रपूर-गडचिरोलीचं ऊन पाहिलं नाई. तिनं लिहिलेली गती आपल्याले नाई चालणार." म्हणून तू गती अर्ध्यावर बांधली होती. अन् गरम झालं का आपोआप आणखी मंद व्हावं, अशी अट टाकली होती. पासवर्ड माझ्या डायरीत तूच लिहून दिला. म्हणाली, "मी गावाकडं असली तं तुमाले लागला पाहिजे." दुश्मनाच्या डायरीत पासवर्ड लिहून देणारी मी दुसरी कोणी पाहिली नाई.

मागच्या वर्षी जानेवारीत सचिवसाहेब तुमच्या गावच्या शाळेत आपली तीस मशीनं पाहाले येणार होते. आदल्या दिवशी त्याईनं माझ्या दुकानात एक चालू करून पाहिलं. पडदा उघडाले जरा वेळ लागला, तं म्हणे, "लटारू, ही तं बैलबंडी आहे." सगळे हासले. तू हैदराबादले बोर्ड आणाले गेली होती. मी डायरी काढली, पासवर्ड टाकला अन् तीसही मशीनची गती सोडून दिली. पूर्ण वरपर्यंत. तुझी ती गरम झाल्यावरची अटबी काढून टाकली, का दाखवता दाखवता मधेच मंद नाई झालं पाहिजे. दुसऱ्या दिवशी तुमच्या शाळेत मशीनं अशी पळाली, का साहेब खुर्चीतून उठून उभे राह्यले. माझ्या पाठीवर थाप मारली.

मनात होतं, साहेब गेले का परत बांधून टाकू. आई शप्पथ, मनात होतं. पण मग बाकीच्या शाळावाल्यांचे फोन आले, का लटारूभाऊ, आमालेबी अशीच पळणारी पाहिजे. मी म्हटलं, उन्हाळ्याच्या आधी पाहू. एप्रिलात तुमच्या शाळेच्या टिनाखालच्या खोलीत नववीच्या पोट्ट्या सराव परीक्षा देत बसल्या होत्या. तीन दिवसांत एकोणीस मशीनं गेली. रीता नावाची पोट्टी मले फोनवर सांगत होती, का भाऊ, डब्याले हात लावला तं चटका बसते, तं मी तिले दरडावलं, हात कशाले लावते म्हणून.

तुझ्या बोर्डात दोष नव्हता. हे मी आज पहिल्यांदा लिहून राह्यलो.

उत्तर दे. शिव्या दे, पण दे.

लटारू


आलापल्ली
२२ सप्टेंबर २०२४

मंगली,

तुझं कार्ड मिळालं. दहा डाव वाचलं. तुझ्याच ओळी तुले परत लिहून दाखवतो, म्हणजे तुले कळन का मी नीट वाचलं:

"लटारूभाऊ, दोन्ही पत्रं मिळाली. इथं आमी ज्या कंपनीचे लॅपटॉप जोडतो, ती स्वतः प्रोसेसर बनवते, तरी अर्ध्या लॅपटॉपात दुश्मन कंपनीचं बसते. लॅपटॉप बिघडला तं गिऱ्हाईकाले पहिलं उत्तर ती स्वतः देते. दुश्मनाकडं बोट नाई दाखवत. म्हणून दुश्मन तिले पुन्हा माल देते. सेटिंगचं नंतर पाहू. मले घरी याचं आहे. समितीच्या काळ्या यादीत माझं नाव आहे, तोवर कोणती शाळा माझ्याकडून माऊसबी घेणार नाई. गती कोणी सोडली, ते पंधरा ऑक्टोबरले समितीले सांगा."

पहिल्या डाव वाचलं तेव्हा मले राग आला. खरं सांगतो, कार्ड टेबलावर आपटलं. म्हटलं, माझ्या पोरीच्या वयाची पोट्टी मले हुकूम देऊन राह्यली! तीस वर्षांचं दुकान माझं. समितीसमोर मी उभा राहून सांगू, का मी बह्याड आहे? कमळाले म्हटलं, एखादा मार्ग काढतो, दुकानातल्या मिस्त्रीनं गती सोडली असं सांगतो, मिस्त्री तं काम सोडून गेला, त्याचं काही बिघडत नाई. कमळा म्हणे, "एका पोरीचं नाव घालवलं, आता त्याचंबी घालवा." अन् मले जेवाले वाढलं नाई. मीच वाढून घेतलं.

मग मी विचार केला, एवढा राग काऊन येऊन राह्यला मले? गती सोडली हे तं मी तुले लिहून टाकलं होतं. मग समजलं, का तू जे लिहिलं, बोट दाखवाचं, ते मले लागलं. कारण मी नुसतं बोट दाखवलं नव्हतं.

आपल्या करारात तुझी एकच अट होती. डब्यावर माझं "सागवान" मोठं, अन् खालच्या कोपऱ्यात तुझ्या नावाचं लहानसं लेबल. मोठ्या कंपन्या ज्याचं प्रोसेसर त्याचं लेबल बाहेर लावते, मग आपणबी लावू, असं तू म्हणाली. मी म्हटलं, हाव ना, काऊन नाई. अन् लेबल मी डब्याच्या आत लावलं. बोर्डाच्या बाजूले. तू विचारलं, तं म्हटलं, बाहेर लावलं तं पोट्टे नखानं उकरून टाकते. तू काही बोलली नाई, स्क्रू कसून बसवले.

कारण ते नव्हतं. त्या शाळेत मी पहिला नमुना घेऊन गेलो, तेव्हा पोट्ट्या ओरडत आल्या होत्या, "मंगलीताईचा कॉम्प्युटर आला, मंगलीताईचा कॉम्प्युटर आला." डबा माझा, जीप माझी, पत्रा माझ्या हातानं वाकवलेला, अन् कॉम्प्युटर मंगलीताईचा! मले ते सहन नाई झालं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, अन् पोट्ट्यांच्या ओरडण्यानं जळलो.

मशीनं गेल्यावर सतरा एप्रिलले शाळेच्या ओसरीवर पालकसभा भरली. मी डबा घेऊन गेलो, सगळ्यांसमोर उघडला, अन् आतलं लेबल दाखवलं. म्हटलं, "डबा माझा आहे, त्याले काही झालं नाई. आतलं डोकं हिचं आहे. पाहा, नाव लिहिलं आहे." सचिवसाहेबानं तिथीच फोटो काढला. तोच फोटो समितीच्या कागदाले जोडला आहे.

मशीनं चांगली होती तोवर तुझं नाव आत, अन् बिघडली तेव्हा बाहेर. अशी केली मी तुझ्यासोबत भागीदारी.

समितीत सांगतो म्हणून आज शब्द देत नाई. माझ्या शब्दाची किंमत तुले माहीत आहे. पंधरा तारखेनंतर लिहीन.

लटारू


आलापल्ली
१७ ऑक्टोबर २०२४

मंगली,

सोबतचा कागद आधी पाह्य, मग हे वाच.

पाहिला? तुझं नाव यादीतून काढलं. खाली सही-शिक्का आहे. ही नक्कल आहे, मूळ कागद माधवीबाईकडं शाळेत ठेवला. तू आता संस्थेच्या कोणत्याही शाळेले माल देऊ शकते. अन् त्याच कागदावर दुसरी ओळ आहे, ती माझ्या नावाची. तीन वर्षं बंदी. बरं झालं. कमळानं काल गोडाचं केलं, मले समजेना का आनंद झाला आहे का टोमणा मारून राह्यली.

समितीत पाच जण होते. मी उभा राह्यलो. सचिवसाहेबाले वाटलं, साठ मशीनसाठी हात जोडाले उठलो. मी म्हटलं, "साहेब, तुमी बैलबंडी म्हटलं, मले राग आला, अन् मी तिनं बांधलेली गती सोडली. बोर्ड चांगले होते. मी जाळले." ते म्हणे, "लटारू, बसा, तुमची तब्येत बरी नाई." त्याईले ऐकाचंच नव्हतं. पोरीच्या नावावर सगळं बसलेलं होतं, कागद तयार होता, आता कोण उकरून काढते? मग मी डायरी पुढं केली. तुझ्या अक्षरात पासवर्ड, अन् खाली माझ्या अक्षरात अठ्ठावीस जानेवारी, "तीसही मशीन फुल." मीच लिहून ठेवलं होतं, हिशोबी माणूस ना मी! डायरी पाचही जणांत फिरली. चहा आला, तो कोणी मले दिला नाई.

हे झालं. आता जे लिहाचं आहे, ते मी तिन्ही पत्रांत टाळलं. मागच्या पत्रात पालकसभेचं लिहिलं, तिथीच लिहाले पाहिजे होतं. हात पुढं गेला नाई.

त्या सभेत कोलूभाऊ होता.

तुझा बाप त्या दिवशी आला होता, हे तुले कोणी सांगितलं का, मले माहीत नाई. तो ओसरीच्या टोकाले, खांबाले टेकून बसला होता. त्याले मराठी जेमतेम समजते, अन् सभा चालली होती मराठीत. मी डबा उघडला अन् लेबलावर बोट ठेवलं, तं तो उठून पुढं आला. त्याले वाचता येत नाई. पण तुझं नाव तू त्याले ओळखाले शिकवलं होतं, हे मले तेव्हा समजलं. तो खाली वाकला, लेबलावरून बोट फिरवलं, अन् हासला. सगळ्या लोकांकडं वळून माडियात म्हणे, "हे माझ्या पोरीचं नाव आहे." एवढा मोठा माणूस, अन् तोंडभर हासून राह्यला होता. त्याले वाटलं, एवढी सभा बोलावून पोरीचा सत्कारच करून राह्यले.

कोणी बोलेना. मी बी बोललो नाई. मले माडिया येते, मंगली. तीस वर्षं बाजारात बसून शिकलो. मी तिथल्या तिथी सांगू शकत होतो, का कोलूभाऊ, हो, तुझ्या पोरीचं नाव आहे अन् तिची काही चूक नाई. मी डब्याचा स्क्रू पाहात उभा राह्यलो. मग लटकलेल्या चेहऱ्याचा कोणी एक जण उठला अन् त्याच्या कानाशी लागून त्याले समजावून सांगितलं. त्यानं बोट मागं घेतलं. परत खांबाजवळ जाऊन बसला नाई, ओसरीवरून उतरून सरळ चालत गेला.

गती सोडली ते मूर्खपणा होता. लेबल लपवलं ते जळणं होतं. पण हे काय होतं, याले मले शब्द सापडत नाई. समितीच्या कागदानं हे फिटत नाई.

ज्या ओसरीवर हे केलं, त्याच ओसरीवर, त्याच लोकांसमोर जाऊन सांगणार आहे. माधवीबाईनं दिवाळीच्या सुट्टीनंतर सभा ठेवते म्हणून सांगितलं.

लटारू


आलापल्ली
१९ नोव्हेंबर २०२४

मंगली,

तुझं दुसरं कार्ड परवा आलं. "कागद मिळाला. डिसेंबरात येईन. सभेचं लिहिलं ते वाचलं. दोन दिवस कामावर गेली नाई." एवढंच. याच्यावर मी काय लिहू?

काल तुमच्या गावाले जाऊन आलो. कमळाबी आली, म्हणे, तुमी मधूनच परत फिरसान. शाळेच्या ओसरीवर चाळीसेक माणसं जमली होती. माधवीबाई मराठीत सांगते म्हणाल्या, पण मी म्हटलं, नाई, मी माडियातच बोलतो. बाजारातलं माझं माडिया, भाव करण्यापुरतं. चूक कबूल कराची म्हणजे कोणते शब्द लावाचे, ते मले कुठी येते? मधेच काहीतरी उलटंच बोलून बसलो, तं मागं सुकरीबाई न दोघी-तिघी बाया फिदीफिदी हासल्या. हासू दिलं. पण सांगितलं सगळं. गती मी सोडली, लेबल मी लपवलं, मशीनं मी जाळली, मंगलीच्या हातात काही खोट नाई. झिंगू नावाचा म्हातारा पालक उठून म्हणे, "मग त्या दिवशी काऊन नाई बोलला?" मी म्हटलं, "भ्यालो." तो म्हणे, "कोणाले?" अन् खाली बसला.

कोलूभाऊ आला होता. या डाव टोकाले नाई, मधोमध बसला होता. मी बोलेपर्यंत एकदाबी मान वर केली नाई. सभा उठली, लोक तुझ्याबद्दल बोलत बोलत गेले, का पोरगी कधी येते, दुकान कुठी टाकते. तो थांबला. मले म्हणे, चाल, रस्त्यापर्यंत सोडतो. कमळाले माधवीबाईनं चहाले थांबवलं, अन् आमी दोघंच निघालो.

मले वाटलं, आता शिव्या देईन. द्याव्या असं वाटत होतं. बांधाबांधानं चाललो, धान कापणीले आलं आहे. त्यानं एक लोंबी तोडून हातावर चोळली. मग म्हणे, "त्या दिवशी मी हासलो होतो. तू पाहिलं?"

मी म्हटलं, "पाहिलं."

तो म्हणे, "सगळ्यांनी पाहिलं." मग पुन्हा चालाले लागला. नाल्याजवळ थांबला अन् माझा हात धरला. म्हणे, "पोरीले हे तू सांगितलं तं नाई ना? मी तिले फोनवर सांगितलं आहे, का मी सभेत गेलोच नव्हतो. जंगलात मोह वेचत होतो, म्हणून सांगितलं. तिचं नाव मातीत चाललं होतं, अन् बाप तिथी उभा राहून हासत होता, हे तिले नाई कळलं पाहिजे. तिचा जीव जाईन."

मंगली, माझं पत्र तुझ्या हातात पडून तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

त्याचा हात माझ्या हातावर होता. दीड वर्ष मी खोटं बोललो अन् महिनाभरापासून खरं बोलून राह्यलो, अन् तुले खरं सांगाच्या नादात मी त्या माणसाची एक झाकलेली गोष्ट उघडून टाकली. माझं ओझं हलकं कराले मी ते तुले लिहिलं होतं. तुले लागन का नाई, त्याले चालन का नाई, हा विचार मले शिवला नाई. गती सोडली तेव्हाबी नाई अन् हे लिहिलं तेव्हाबी नाई.

मी म्हटलं, "नाई कोलूभाऊ. नाई सांगितलं. कोणालेच नाई."

त्यानं माझ्याकडं पाहिलं. मग हात सोडला, अन् मोकळं झाल्यासारखा लांब श्वास घेतला. म्हणे, बरं केलं. रस्त्यापर्यंत मग तो धानाचंच बोलत आला.

साठ मशीनचं काम तुले मिळालं, तं डब्यांचं काम तू कोणालेबी दे. माझं नाव यादीत आहे, त्यामुळं मी मागू शकत नाई, अन् मागणारबी नाई. पत्रा कसा वाकवाचा अन् हवा निघाले भोकं कुठी पाडाची, ते कागदावर काढून माधवीबाईकडं ठेवलं आहे, तुझ्या डबेवाल्याले दे. त्याच्याबदल्यात सेटिंग देऊ नोको. मले फक्त एका कामात सोबत पाहिजे तुझी.

डिसेंबरात तू घरी येशीन. तो अंगणात येऊन उभा राहीन, अन् तुझ्या तोंडाकडं पाहीन, का हिले काही माहीत आहे का. तू रडू नोको. त्याले जवळ घे, पण जास्त वेळ घेऊ नोको, नाई तं त्याले समजन. अन् कधी त्या सभेची गोष्ट निघाली, तं म्हण, तुले कुठलं माहीत बाबा, तू तं मोह वेचत होता ना.

लटारू